लपलेल्या शिखराचा शोध

१८७८ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी अव्हेन्यू द लोपेरा या राजरस्त्यावर विजेचे दिवे झळकले. पावेल याब्लोचकोव्ह या रशियन अभियंत्याच्या त्या 'विजेच्या मेणबत्त्या' होत्या. कार्बनच्या दोन कांड्या शेजारी शेजारी उभ्या, मध्ये निरोधक द्रव्याचा पातळ थर आणि टोकांमध्ये डोळे दिपवणारी आर्कची ज्योत. पॅरिसकर हरखून गेले होते. मात्र या दिव्याची एक खोड होती. एकाच दिशेने वाहणारी वीज सोडली की धन बाजूची कांडी ऋण बाजूच्या दुप्पट वेगाने झिजे आणि दिवा लंगडा होऊन विझे. दोन्ही कांड्या सारख्या झिजायच्या तर विजेनेच सतत दिशा बदलली पाहिजे. झेनोब ग्राम यांनी तशी वीज देणारी यंत्रे बनवली आणि प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे आजचा एसी, शहराच्या रस्त्यावर उतरला. दिव्याची गरज भागली. पण या नव्या विजेचे मोजमाप कसे घ्यायचे, हा पेच तिथेच जन्माला आला.

तोवरच्या मापकांची सवय एका दिशेच्या प्रवाहाची. नव्या विजेपुढे त्यांचे काटे हतबल झाले. प्रवाह काट्याला एका क्षणी उजवीकडे ढकली, तर दुसऱ्या क्षणी डावीकडे. जड काटा कोणाचेच न ऐकता शून्यापाशी थरथरत राही. तारेच्या एका टोकाला रस्ता उजळणारा दिवा आणि दुसऱ्या टोकाला 'वीज नाही' असे सांगणारा मापक! यातून एक वाट निघाली ती उष्णतेची. वीज कोणत्याही दिशेने वाहो, तार तापतेच. तापलेली तार किती लांबली हे पाहून दाब सांगणारे व्होल्टमीटर तयार झाले आणि वीजघरांचा व्यवहार सुरू झाला. पण उष्णता हा साऱ्या चढउतारांचा गोळाबेरीज हिशेब आहे. विजेचा दाब वर चढताना नेमका कुठवर पोहोचला, हे ती सांगत नाही. आणि केबलचे निरोधक आवरण फुटते ते गोळाबेरजेने नव्हे. ते फुटते दाब शिखरावर असतो त्या क्षणी. धोक्याचा आकडा मापकाच्या आड दडून बसला होता.

या दडलेल्या आकड्याला पहिला हात घातला झ्यूल झुबेर यांनी. पॅरिसच्या कॉलेज रोलँमध्ये ते भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्या नजरेची धार जीवशास्त्रानेही अनुभवली होती. १८७७ साली लुई पाश्चर यांच्यासोबत अँथ्रॅक्सच्या जंतूंवर काम करताना, इतर जंतूंच्या सहवासात अँथ्रॅक्सची वाढ खुंटते ही नोंद त्या दोघांनी केली होती. १८८० साली हेच झुबेर प्रत्यावर्ती विजेच्या आर्ककडे वळले. प्रश्न असा होता की, सेकंदात कित्येकदा उलटसुलट होणाऱ्या दाबाचा एक क्षण सुटा कसा करायचा? त्या वेगाने धावू शकेल असा एकही काटा जगात नव्हता.

झुबेरांनी काटा वेगवान करण्याचा नादच सोडला. अल्टरनेटरच्या, म्हणजे प्रत्यावर्ती वीज देणाऱ्या यंत्राच्या, फिरत्या आसावर त्यांनी एक स्पर्शक बसवला. दर फेऱ्याला, ठरलेल्या एकाच कोनात, निमिषभर तो मंडल जोडी आणि लगेच तोडी. मंडलाच्या दुसऱ्या टोकाला संथ स्वभावाचा विद्युतमापी होता. जत्रेतल्या आकाशपाळण्यासमोर डोळे मिटून उभे राहावे आणि दर फेऱ्याला ठरल्या क्षणीच पापणी उघडावी, म्हणजे गरगरणारा पाळणा एका जागी थबकल्यासारखा भासतो. झुबेरांनी विजेला तसेच थबकवले. मापीला फेऱ्यामागून फेऱ्यात दाबाचा तोच एक क्षण भेटत राही आणि काटा सावकाश त्या आकड्यावर येऊन ठरे. मग स्पर्शक जरासा सरकवायचा, पुन्हा काटा ठरण्याची वाट पाहायची, पुन्हा नोंद करायची. एक बिंदू, दुसरा बिंदू, तिसरा. बिंदू जोडले गेले आणि आजवर केवळ कल्पनेत असलेली लाट कागदावर उमटली.

त्या लाटेने दिलासाही दिला आणि घोरही लावला. यंत्रावर बोजा नसताना तिचा आकार गणितातल्या साइन वक्राशी बराचसा जुळत होता: डौलदार चढ, गोलसर माथा, तितकाच डौलदार उतार. पण आर्क पेटला की त्याच्या दोन टोकांमधला दाब त्या वक्राला जुमानत नसे. अर्ध्या फेरीत तो जवळजवळ सपाट राही आणि मग एकदम उलटे. म्हणजे लाटेचा आकार केवळ यंत्र ठरवत नव्हते. वीज वापरणारा दिवाही त्यात हात घालत होता.

इथे गणिताचा एक धागा समजून घ्यायला हवा. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रत्यावर्ती प्रवाहाच्या 'परिणामी' मूल्याची व्याख्या पक्की केली. क्षणाक्षणाच्या मूल्यांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. आपले इलेक्ट्रिशियन आज ज्याला आरएमएस म्हणतात ते हेच. लाट शुद्ध साइन असेल तर या मूल्याला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने गुणले की शिखर मिळते. आपल्या घरातल्या २३० व्होल्टचे शिखर म्हणूनच ३२५ व्होल्टचे असते. पण लाट त्रिकोणी असेल तर त्याच २३० चे शिखर ३९८ वर जाते आणि चौकोनी असेल तर २३० वरच थांबते. मापक तिन्ही वेळा एकच आकडा दाखवतो.

फसवणूक याहून सूक्ष्मही असू शकते. कोणतीही पुनरावर्ती लाट अनेक साइन लाटांची बेरीज म्हणून मांडता येते, हे फ्रेंच गणिती फूरिये यांनी दाखवून ठेवले होते. ३२५ व्होल्ट शिखराच्या लाटेवर तिच्या तिप्पट वेगाची, एकपंचमांश उंचीची दुसरी लाट स्वार झाली असे समजू. दोघींचे माथे एकाच क्षणी आले तर शिखर ३९० व्होल्टवर जाते. ते एकमेकींच्या विरुद्ध आले तर २८३ च्या आसपासच राहते. आणि व्होल्टमीटर? तो दोन्ही वेळा सुमारे २३५ दाखवत निर्धास्त बसून राहतो. शंभर व्होल्टहून अधिक फरक त्याच्या नजरेतून साफ निसटतो. शिखराचा हिशेब करायचा तर लाटेचा आकार ठाऊक असायलाच हवा.

या अज्ञानाची किंमत किती मोठी होऊ शकते, याचा अंदाज लंडनला येऊ लागला होता. १८८७ साली स्थापन झालेल्या लंडन इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनची सूत्रे सेबास्टियन झियानी द फेरांटी या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे होती. टेम्सकाठी डेप्टफर्डला अवाढव्य वीजघर उभारायचे आणि तिथून १०,००० व्होल्टच्या दाबाने वीज थेट शहराच्या मध्यभागी आणायची, असा त्याचा बेत होता. एवढा दाब झेलणारी केबल बाजारात मिळेना. तेव्हा फेरांटीने स्वतःच केबल घडवली. एका तांब्याच्या नळीत दुसरी नळी आणि मध्ये मेणात भिजवलेला कागद, असे वीस वीस फुटांचे तुकडे जोडत जोडत ही वाट लंडनपर्यंत न्यायची होती. लोकांना केबल सुरक्षित वाटावी म्हणून वाहत्या विजेच्या केबलमध्ये छिन्नी ठोकून दाखवण्याचा धाडसी प्रयोगही झाला. छिन्नी धरणारा सहायक सुखरूप राहिला.

केबल वाहू लागली आणि एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. इतक्या लांबच्या वाटेवर दाब थोडा घटेल अशी अपेक्षा होती. इथे तर लंडनकडच्या टोकाला तो डेप्टफर्डपेक्षा जास्त भरत होता! लांबलचक केबल स्वतःच विजेचा साठा करणारे पात्र बनली होती. तिची धारिता आणि यंत्रांचे प्रेरकत्व यांच्या जुगलबंदीतून दाब चढत होता. आज हा 'फेरांटी परिणाम' पाठ्यपुस्तकात आहे. तेव्हा ते अंगावर आलेले कोडे होते. शिवाय अशी जुगलबंदी मूळ लाटेवर स्वार झालेल्या एखाद्या उपलाटेला हाताशी धरू शकते आणि शिखराला कुठल्या कुठे नेऊ शकते. १८९० च्या नोव्हेंबरमध्ये याच योजनेतले, लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीतले वितरण केंद्र आगीत भस्मसात झाले. कारण वेगळे होते, तिथल्या स्विचांच्या हाताळणीत आर्क पेटला होता. पण योजना खिळखिळी झाली आणि पुढल्याच वर्षी फेरांटीला कंपनीतून बाहेर पडावे लागले. त्याच्या केबलचा मेणकागद मात्र पुढे अनेक दशके टिकला.

असे शिखर पकडायला झुबेरांची रीत का पुरत नव्हती? तिला हव्या होत्या हुबेहूब एकसारख्या, न थकता पुन्हा पुन्हा येणाऱ्या लाटा. यंत्राचा वेग जरा हलला, आर्क जरा फुरफुरला की कष्टाने गोळा केलेले बिंदू एकमेकांशी भांडू लागत. आणि स्विच उघडताना क्षणभर उसळून नाहीशी होणारी लाट तर या जाळ्यात येणेच शक्य नव्हते. लाट घडत असताना तिचा पाठलाग करणारे उपकरण हवे होते.

१८९३ साली शिकागोला विद्युत परिषद भरली. जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत आलेल्या, पाठीला पोक असलेल्या चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी तिथे संमिश्र संख्यांच्या साह्याने प्रत्यावर्ती प्रवाहाची किचकट गणिते चुटकीसरशी सोडवून दाखवली. पण ती साइन लाटेच्या पायावर उभी होती आणि प्रत्यक्षातली लाट तशी आहे का, हे पाहण्याचे साधन अजून यायचे होते. याच परिषदेत लंडनचे प्राध्यापक विल्यम एअर्टन यांनी आर्कवर निबंध वाचला. त्याची एकमेव प्रत छापखान्यात पोहोचण्याआधीच जळून गेली. शेगडी पेटवायला ती वापरली गेली, असे सांगतात. त्यांच्या पत्नी हर्था एअर्टन यांनी हार न मानता सारे प्रयोग नव्याने केले. त्या चिकाटीतून आर्कवरचा मोठा ग्रंथ सिद्ध झाला आणि १८९९ साली इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने पहिली महिला सदस्य म्हणून त्यांना प्रवेश दिला.

त्याच १८९३ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्लाँदेल यांनी वाट उघडली. ते फ्रान्सच्या दीपस्तंभ खात्यातले अभियंते. पायांच्या दुखण्याने त्यांना वर्षानुवर्षे खोलीत जखडून ठेवले, पण बुद्धीला त्या भिंतींचा अडसर झाला नाही. काट्याला लाटेमागे धावायचे असेल तर त्याची स्वतःची थरथर लाटेपेक्षा कितीतरी वेगवान हवी आणि ती लगोलग शमलीही पाहिजे, ही अट त्यांनी गणिताने बांधून दिली. अशा उपकरणाला त्यांनी नाव दिले 'ऑसिलोग्राफ'. तत्त्व हाती आले. आता ते पेलणारा कारागीर हवा होता.

तो निघाला विल्यम डडेल, एअर्टन यांचाच विद्यार्थी. त्याने काटाच काढून टाकला. बलवान चुंबकाच्या चिंचोळ्या फटीत फॉस्फर-ब्राँझच्या दोन बारीक पट्ट्या ताणून बसवल्या. वीज एकीतून वर जाई, दुसरीतून खाली येई; त्यामुळे एक पट्टी किंचित पुढे सरके तर दुसरी मागे. दोघींवर मिळून एक इवलासा आरसा चिकटवलेला. पट्ट्या हलल्या की आरसा वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण दूरच्या पडद्यावर मोठी झेप घेई. थरथर शमवायला सारे तेलात बुडवलेले. १८९७ पर्यंत हे उपकरण आकाराला आले. त्याच्या वेगवान रूपातल्या पट्ट्यांची स्वतःची कंपने सेकंदाला सुमारे दहा हजार होती. वीजघराची लाट त्यांच्यापुढे गोगलगायच. किरणासमोर छायाचित्रणाची काच खाली सोडली की लाट स्वतःच्या हाताने आपले चित्र रेखाटू लागे.

झुबेरांनी बिंदू बिंदू वेचून जे मिळवले होते, ते आता निमिषार्धात काचेवर उतरत होते. माथ्यावरचे खाचखळगे, टोकदार सुळके, सपाट पठारे, जे काही उष्णतेच्या मापकांनी गिळून टाकले होते, ते सारे उघडे पडले. मोजपट्टी लावावी आणि शिखर वाचावे! मार्चंट या सहकाऱ्यासोबत डडेलने प्रत्यावर्ती आर्कच्या अशा चित्रांचा अभ्यास १८९९ साली मांडला. पुढे आर्कच्या प्रवाहातल्या वेगवान चढउतारांचा माग काढताना त्याला आर्ककडून सूर काढण्याची युक्ती सापडली आणि त्याच्या 'गाणाऱ्या आर्क'ने इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवले. अवघ्या ४५ वर्षांच्या आयुष्यात, १९१७ साली मृत्यू येईपर्यंत, हा माणूस विजेच्या क्षणभंगुर हालचालींच्या मागावर राहिला.

पण आरसा कितीही इवला असला तरी त्याला वजन असतेच. अतिवेगवान लाटांपुढे तोही दमे. वजनच नसलेला काटा मिळाला तर? त्याच १८९७ साली, १५ फेब्रुवारीला, स्ट्रासबर्गच्या फर्डिनांड ब्राउन यांनी या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. निर्वात नळीत ऋणाग्रातून निघणाऱ्या किरणांची एक बारीक शलाका त्यांनी छिद्रातून पुढे सोडली. समोरच्या चकाकणाऱ्या पडद्यावर तिचा ठिपका पडला. नळीशेजारच्या वेटोळ्यातून शहराच्या वीजघराचा प्रवाह सोडताच ठिपक्याची उभी रेघ झाली. फिरत्या आरशात पाहिले, तर त्या रेघेची लाट उलगडली.

ती उभी रेघ नुसती पाहूनही जाणकाराने थबकावे अशी होती. तिचे वरचे टोक म्हणजे प्रवाहाचे एका दिशेचे शिखर, खालचे टोक म्हणजे उलट दिशेचे. रेघ मोजून निम्मी केली की शिखर हाती आले. आरसा नको, छायाचित्र नको, बिंदूंची वेचणी नको. सतरा वर्षांपूर्वी झुबेरांच्या टेबलावर सुरू झालेला पाठलाग इथे काचेच्या नळीत येऊन ठेपला. आणि गंमत अशी की ही शलाका कशाची बनली आहे, हे ब्राउन यांना कोणी सांगू शकत नव्हते. ती सूक्ष्म कणांची आहे हे जे. जे. थॉमसन यांनी लंडनमध्ये जाहीर केले ते त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस! ब्राउन यांनी नळीचे पेटंटही घेतले नाही. १८९९ साली त्यांचे सहायक झेनेक यांनी ठिपक्याला आडवी, समान गतीची चाल दिली आणि फिरत्या आरशाची गरज संपवली. ब्राउन यांना १९०९ साली मार्कोनींसोबत नोबेल मिळाले, ते मात्र बिनतारी संदेशांसाठी. पहिल्या महायुद्धात पेटंटच्या खटल्यानिमित्त अमेरिकेत गेलेले ब्राउन तिथेच अडकले आणि १९१८ साली मायदेशापासून दूर त्यांनी देह ठेवला.

शिखर दिसू लागले. आता ते उच्च दाबाच्या तारांवर रोजच्या रोज मोजायचे होते. तिथे लाखांच्या घरातले व्होल्ट आणि समोर नाजूक उपकरणे. १९१३ साली अमेरिकेत चब आणि फोर्टेस्क्यू यांनी यावर नामी तोड काढली. दोघांनी पाहिले की दाब एका शिखरापासून उलट शिखरापर्यंत जातो तेव्हा कपॅसिटरमध्ये वाहणारा एकूण विद्युतभार केवळ त्या दोन टोकांवर अवलंबून असतो. मधली वाट कशी होती याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तेव्हा कपॅसिटरच्या प्रवाहातला एका दिशेचा भाग वेगळा काढायचा, साध्या मापकाने त्याची सरासरी घ्यायची आणि धारिता व वारंवारता यांच्या गुणाकाराच्या दुपटीने तिला भागायचे. भागाकार संपला की शिखर समोर! इथे लाट साइन असण्याची सक्तीच उरली नाही. अट एकच होती: अर्ध्या फेरीत लाटेला एकच माथा हवा, मध्येच दुसरे शिखर डोकावता कामा नये. ती अट पाळली जाते की नाही, हे तपासायला पुन्हा ऑसिलोग्राफच लागे.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तंत्रनिकेतनात आज हा सारा इतिहास एका तासिकेत उरकतो. विद्यार्थी सीआरओच्या, म्हणजे ब्राउन यांच्या नळीवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, पडद्यावरचे चौकोन मोजतो, वरपासून खालपर्यंतच्या उंचीचे निम्मे करतो, ०.७०७ ने गुणतो आणि उत्तर मल्टिमीटरशी ताडून पाहतो. पण प्रयोगवहीत आकडे जुळतात ते सिग्नल जनरेटरच्या नीटस साइन लाटेवर. बाहेरच्या जगात लाट पुन्हा बिघडली आहे. संगणक, चार्जर आणि एलईडी दिवे आपला प्रवाह लाटेच्या माथ्यापाशीच ओढून घेतात आणि त्या ओढीने माथा चपटा होतो. झुबेरांच्या आर्कने जो हात लाटेत घातला होता, तोच आज घरोघरची उपकरणे घालत आहेत. अशा जागी २३० ला १.४१४ ने गुणून काढलेले शिखर खऱ्या शिखराशी जुळेलच असे नाही. तो गुणक वापरण्याआधी लाट साइन आहे की नाही हे पाहावे लागते. आणि ते पाहता येते, कारण झुबेर, ब्लाँदेल, डडेल आणि ब्राउन यांनी आकड्यावर समाधान न मानता लाटेचा चेहरा पाहण्याचा हट्ट धरला.